उपग्रहाला नाला सापडतो, मोरी सापडत नाही

वर्धा जिल्ह्यात सिंदी दोन. एक सिंदी रेल्वे, सेलू तालुक्यातली. दुसरी सिंदी मेघे, वर्धा शहराला खेटून. नकाशात गल्लत नको म्हणून संगणक गाव ओळखतो ते नावाने नाही, कोड क्रमांकाने. आणि 2011 च्या जनगणनेत सिंदी मेघेची नोंद शहरी वस्ती अशी, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा!

अशा वस्तीत पुराचं पाणी कुठे शिरेल, हे उपग्रह सांगेल का? ऐन पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला दिसतात फक्त ढग. रडारचा उपग्रह ढगांच्या आरपार बघतो, अगदी मध्यरात्रीही. संथ पाणी त्याच्या चित्रात काळं उमटतं. पण गुळगुळीत डांबरी रस्ताही काळाच! शिवाय युरोपच्या सेंटिनेल-1 या रडार मालिकेतला एक उपग्रह त्याच वाटेवर परततो 12 दिवसांनी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी दिवसेंदिवस तुंबलं, ते उपग्रहांना टिपता आलं. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला. असं पाणी उपग्रह परतायच्या आत, काही तासांत घरात शिरतं आणि ओसरतंही.

म्हणून वस्तीसाठी खरं काम पुराआधीचं: उंच-सखल जमिनीचा नकाशा. इस्रोच्या कार्टोसॅट-1 वर (2005) दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, एक मागे. दोन कोनांतल्या चित्रांवरून जमिनीची उंची काढली गेली आणि ती माहिती इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर फुकट मिळते. संगणक जमिनीचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे उतार जास्त, त्याच्याकडे ढकलतो. चौकोनाला चौकोन जोडत गेलं की प्लॉट पाडताना बुजलेल्या नाल्याची वाटही पुन्हा उमटू शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशाशी ती ताडून बघावी; त्यात कोरडे नाले काळ्या रेघेने काढलेले असतात.

मात्र हा चौकोन 30 मीटरचा, त्यात पाच-सहा प्लॉट सहज मावतात. उंचीतली चूक काही मीटरची, आणि आपल्या घराचं जोतं दोन-तीन फुटांचं! तिथे ड्रोन किंवा लेव्हल मशीनच हवं.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती मोरी. रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव संगणकाला धरणाची भिंत वाटतो. त्याखालून पाणी नेणारी मोरी वरून दिसतच नाही, म्हणून तो भरावामागे नसलेलं तळं दाखवतो. मोरी कुठे, किती रुंद, गाळ-प्लास्टिकने किती बुजली, हे नकाशात हाताने भरावं लागतं. त्यासाठी कुणीतरी मे महिन्यात, नाला कोरडा असताना, टेप घेऊन खाली उतरायला हवं.