काचेच्या नावेतले कुजके लाकूड

नागपूरच्या माणसाने नावेच्या दुरुस्तीवर बोलायला बसावे, याचे कुणाला हसू आले तर ते साहजिक आहे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटरांवर. पण आमचा जिल्हा पाण्याला पारखा नाही. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, रामटेकजवळचे खिंडसी आहे, पेंच नदीवर तोतलाडोहाचे अफाट पाणी आहे. पाणी आले की नाव आलीच. पूर्वी ती ढीवरांचा लाकडी डोंगा असे. आता त्याच्या जोडीला फायबरग्लासच्या नावा दिसतात, आणि त्यांतल्या कित्येक आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

अशीच एक चौदा फुटी नाव एका हौशी मंडळाच्या आवारात पडून होती. मी त्या मंडळाचा नावापुरता सभासद. चार-पाच पावसाळे तिने उघड्यावर काढले. एके दिवशी आमचा एक विद्यार्थी तिच्या डेकवर, म्हणजे पाय ठेवायच्या वरच्या जमिनीवर, चढला आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. नडगी खरचटली, एवढ्यावर निभावले. भर पाण्यात हे झाले असते तर काय, हा विचार सगळ्यांच्याच मनात आला. सभेत दोन मते पडली. एक, नाव भंगारात द्यावी. दुसरे, वरून एक ठिगळ मारावे आणि रंग द्यावा. मला दुसऱ्या मताची जास्त भीती वाटली.

का, ते सांगतो. काच कुजत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मग ही नाव कुजली कशी? फायबरग्लास म्हणजे केसाहून बारीक अशा काचेच्या तंतूंची चटई, रसायनाच्या राळेत भिजवून वाळवलेली. मातीच्या भिंतीत तणस कालवतात, तसलाच हा प्रकार. तंतू ताण सोसतात आणि राळ त्यांना धरून ठेवते. पण याचा पातळ पत्रा पायाखाली लवतो. तो ताठ करायचा तर जाडी हवी. जाडी दुप्पट केली की ताठपणा दुपटीने नव्हे, आठपटीने वाढतो. मात्र सगळी जाडी काचेचीच केली तर नाव जड होते आणि खर्चही वाढतो. म्हणून कारागीर दोन काचेच्या कातड्यांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सासारखे हलके लाकूड घालतात. युक्ती नामी आहे. पण कुणी तरी मागाहून त्या डेकवर कडी बसवतो, खुंटी बसवतो, त्यासाठी स्क्रू मारतो, आणि त्या बारीक भोकातून पाणी लाकडापर्यंत पोचते.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला खाद्य, ऊब, हवा आणि ओल या चारही गोष्टी लागतात. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असली तर बुरशीचे फारसे चालत नाही. लाकडी डोंगा पावसाळ्यात भिजतो, उन्हाळ्यात काठावर पालथा पडून वाळतो, त्याला तेल पाजले जाते. म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. काचेच्या आत कोंडलेल्या लाकडाला वाळायला वाटच नसते. आमची नाव पाहायला तळ्यावरचे एक वयस्क ढीवर आले होते. त्यांनी डेकवर हात फिरवला आणि म्हणाले, “मास्तर, पानी आत गेलं जी, आता निंघन कुठून?” मी चार परिच्छेद घेतले, त्यांना एक वाक्य पुरले!

आता प्रत्यक्ष काम. प्रथम रोग कुठवर पसरला आहे ते पाहायचे. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना, अगदी तसे हातोडीच्या दांड्याने डेकभर ठोकत जायचे. निरोगी जागी आवाज खणखणीत येतो, कुजक्या जागी बद्द. खडूने सीमा आखत जायचे. आम्हाला वाटले होते हातभर जागा असेल. निघाला अर्धा डेक. मग वरची कातडी कटरने बेताने कापून उचलली. आतले लाकूड काळे पडले होते, मुठीत दाबले की पाणी गळत होते.

खरा धक्का त्याखाली होता. नाव उलटली तरी बुडू नये म्हणून डेकखाली फोम भरलेला असतो. तो स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता. संकटात तारायचा तोच आता ओझे झाला होता, आणि बाहेरून याचा पत्ताही लागत नव्हता. ठिगळ मारले असते तर हे सगळे आत झाकून आम्ही मुलांना त्या नावेत बसवले असते.

सगळे काढून खरवडले आणि नाव वाळत घातली. इथे मात्र नागपूर मुंबईहून सरस! एप्रिल-मेचे आमचे ऊन, पारा ४५ च्या घरात आणि हवा खडखडीत कोरडी. उघड्या भागावर रात्री प्लॅस्टिकचा कागद कडेने चिकटवायचा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले तर ओल अजून आहे असे समजायचे. आमच्या कागदावरचे दव पाच आठवड्यांनी थांबले.

नव्या लाकडासाठी एका सद्गृहस्थांनी बल्लारशाचा उत्तम सागवान देऊ केला. नम्रपणे नको म्हणावे लागले. सागात नैसर्गिक तेल असते, त्यावर राळ नीट धरत नाही. आय. एस. ७१० या प्रमाणाचे मरीन प्लायवूड आम्ही वापरले. त्याच्या कडा आधी राळेने बंद केल्या, मगच ते बसवले. जुन्या काचेची कड सरळ ठेवायची नाही. जाडीच्या बारापट रुंद असा उतार तासायचा आणि त्यावर नवे कापड थराथराने चढवायचे. सांध्याची ताकद या उतारात आहे.

राळ दोन जातींची मिळते. कूलर आणि पाण्याच्या टाक्या बहुधा पॉलिएस्टरच्या करतात. ती स्वस्त आहे, पण जुन्या थराला आणि लाकडाला एपॉक्सी अधिक घट्ट धरते, म्हणून पैसे जास्त पडले तरी आम्ही तीच घेतली. तिच्यात कडक करणारे द्रव्य नेमक्या प्रमाणातच घालावे लागते. जास्त घातले म्हणजे लवकर वाळते, हा गैरसमज आहे. उन्हाने मात्र ती फार लवकर पेटते. पहिला डबा दुपारी कालवला, तो हातातच तापून धुरू लागला. तेव्हापासून पहाटे साडेपाचला कामाला लागायचे आणि आठला हात धुवायचे. पॉलिएस्टर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांभाळावी: तिचे कोबाल्टचे द्रव्य आणि पेरॉक्साइड कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, स्फोट होतो. काच घासताना नाकातोंडाला चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

काचेत लाकूड घालणेच चूक, असे मात्र कुणी समजू नये. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौदलाच्या शिडाच्या नौकेचे अंग लाकूड आणि फायबरग्लास यांचेच आहे. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता.

शेवटचे काम कंटाळवाणे, म्हणून बहुतेक जण टाळतात. प्रत्येक स्क्रूचे भोक आधी मोठे पाडायचे, ते एपॉक्सीने भरायचे, आणि त्या भरावात नवे बारीक भोक घ्यायचे. मग स्क्रू राळेत बसतो, लाकडाला पाणी दिसतसुद्धा नाही. आमच्या नावेला अशी एकेचाळीस भोके होती. दोन दिवस गेले. शिवाय पाणी न पिणारा नवा फोम भरला.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात नाव तळ्यात सोडायचे ठरले. नारळ आला, झेंडूचा हार आला. एक उत्साही सभासद हार टांगायला म्हणून खिळा आणि हातोडी घेऊन डेकवर चढलेही होते. मी वर्गातसुद्धा कधी ओरडलो नाही इतक्या मोठ्याने ओरडलो. हार मग सुतळीने बांधला.