मेंढरांमागची वाट

उत्तर ध्रुवाकडचे कॅरिबू ऋतूनुसार शेकडो किलोमीटर चालतात. शिकारी माणसांचे जीवन त्या वाटांशी बांधलेले. आपल्याकडे धनगरांचे पाहा, फक्त इथे जनावर पाळीव. माणदेशात पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर. चारा सरू लागला की दिवाळीच्या सुमारास कित्येक वाडे, घोड्यांवर बिऱ्हाड लादून, कोकणात उतरतात. कापणी झालेल्या भातखाचरांत रात्री मेंढ्या बसवतात. लेंड्या-मुताचे खत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे धनगराला! मग तिथेच का राहत नाहीत? कोकणातला ३,००० मिलिमीटरचा पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. ओल्यात खूर सडतात. म्हणून मृगाआधी परत. आता मात्र वाटेतली पडीक राने ऊस आणि वस्त्यांखाली गेली आहेत. मराठवाड्यातही मेंढरांचे तळ पडतात. गावाशेजारी पडला तर मुलांना जरूर न्यावे. मुक्कामांची नावे विचारून नकाशावर वाट काढावी.