‘फक्त नवरा’

१९९३ साली पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने बायकांची तपासणी सुरू केली, तेव्हा एचआयव्ही कुठे सापडणार याची कुणालाच शंका नव्हती : लालबत्ती वस्तीत. शेजारच्या नगर जिल्ह्यातही, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, समज तोच. तिथल्या ‘स्नेहालय’ या संस्थेने १९८९ मध्ये काम सुरू केलं तेही वेश्यावस्तीतल्या मुलांपासून.

१९९६ पर्यंत ९१६ बायका तपासून झाल्या. वेश्याव्यवसायातल्या ५२५ जणींपैकी जवळजवळ निम्म्या बाधित निघाल्या. वाईट, पण अपेक्षित. हादरवलं ते उरलेल्या ३९१ जणींनी. या बहुतेक संसारी बायका. संबंध कुणाशी, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं : फक्त नवऱ्याशी. तरी त्यांच्यातल्या १३.६ टक्के बाधित!

खोटं बोलत असतील? ही शंका आपल्याकडे बाईवरच आधी येते. पण आकड्यांचा माग निघाला तो वेगळीकडेच. जोडीदाराला गुप्तरोग असल्याचं जिने सांगितलं, तिच्यात लागण जास्त. म्हणजे विषाणू तिच्या अंथरुणापर्यंत चालत आला होता, ती कुठे गेली नव्हती. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा या तपासणीवरचा निबंध १९९७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्थात १३.६ टक्के हा आकडा गुप्तरोगाची तक्रार घेऊन आलेल्या बायकांचा. तो घरोघर लावायचा नाही. मात्र ‘धोक्यातले लोक’ म्हणून आखलेली रेघ त्याने पुसली.

गावात मात्र हा शोध पोचायला फार वेळ लागला. गरोदरपणात तपासणी होते सुनेची, म्हणून निदानही आधी तिचं. मग ‘हिनेच आणलं’. नवरा गेला, तर ‘पांढऱ्या पायाची’. ज्याच्याकडून आलं त्याची तपासणीच झालेली नसते!

उपचार नसले तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. औषधं वेळेवर सुरू केली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. म्हणून सून दवाखान्यात जाईल तेव्हा तिच्या नवऱ्यालाही सोबत पाठवा. सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात (आयसीटीसी) दोघांची तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा.