स्तनवृद्धी शस्त्रक्रियेनंतर हालचाल : दुखणे थांबले म्हणजे जखम भरली असे नाही

स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया झालेल्या महिला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तपासणीला येतात, तेव्हा बहुतेकींचा प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, आता फारसं दुखत नाही, मग कामाला लागू ना?" प्रश्न साहजिक आहे, पण त्यातला 'मग' फसवा आहे. दुखणे लवकर थांबते, जखम मात्र सावकाश भरते. तीन आठवड्यांनी टाक्यांच्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण पाचव्या भागाइतकीच असते. काळजी घ्यायची असते ती नेमकी याच काळात, जेव्हा तुम्हाला बरे वाटत असते.

नेमके काय दुखते?

इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूच्या वर, म्हणजे स्तनग्रंथीच्या मागे बसवतात, किंवा त्या स्नायूच्या खाली. स्नायूखाली बसवताना स्नायूचा काही भाग सोडवावा लागतो. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखे घट्ट वाटते. खोकताना, शिंकताना, पलंगावरून उठताना कळ येते. स्नायूच्या वर इम्प्लांट असेल तर हा त्रास सहसा कमी असतो. तुमचे इम्प्लांट कुठे आहे हे सर्जनला विचारून कागदावर लिहून घ्या. मैत्रिणीला चौथ्या दिवशी काहीच दुखत नव्हते आणि मला का दुखते, याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळते.

मधूनच विजेचा झटका बसल्यासारखे होणे, मुंग्या येणे, स्तनाग्र बधिर होणे किंवा कपडा लागला तरी झोंबणे, हे ताणलेल्या नसांमुळे होते. काही आठवडे, कधी काही महिने हे चालते. काहीजणींमध्ये थोडा बधिरपणा कायमचा राहतो. बधिर त्वचेवर बर्फ थेट ठेवू नका. चटका बसला तरी कळत नाही.

घरकामही व्यायामच आहे

जिमला जायचे नाही हे सगळ्यांना पटते. पण पोळ्या लाटताना, कणीक मळताना, फरशी पुसताना छातीचा तोच स्नायू जोर लावतो. पहिले चार ते सहा आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका, असे आम्ही सांगतो. आता हिशेब करा : भरलेली बादली १५ किलोच्या आसपास, वर्षाचे मूल नऊ-दहा किलोचे, आणि भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दिवसातून दोनदा कूलरमध्ये पाणी भरावे लागते. बादली उचलून कूलरमध्ये ओतणे म्हणजे वजन उचलणे आणि हात वर नेणे, दोन्ही एकदम. हे काम दुसऱ्याकडे द्या. पाइप लावून भरता आले तर उत्तमच.

अडचण अशी की अनेकजणी ही शस्त्रक्रिया घरात सांगतच नाहीत. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला कुणी बादली उचलू देत नाही, पण जिचे ऑपरेशन झाल्याचे कुणाला माहीतच नाही तिला कोण थांबवणार? मग सासूबाईंना संशय येऊ नये म्हणून आठव्या दिवशी कुकर उचलला जातो. कुणाला काय सांगायचे हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. तरी घरातल्या किंवा शेजारच्या एका व्यक्तीला विश्वासात घ्या, हा माझा आग्रह आहे. बाकीच्यांना "डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायला मनाई केली आहे" एवढे खरे वाक्य पुरते. तशी चिठ्ठीही डॉक्टर देतील.

जोर लावल्याने होते काय? पहिल्या दोन आठवड्यांत रक्तदाब वाढून आत रक्तस्राव होऊ शकतो. पुढे इम्प्लांट वर किंवा बाजूला सरकू शकते, आत पाणी साचू शकते, आणि ताणामुळे व्रण रुंद होतो.

पण पडूनही राहू नका

शस्त्रक्रियेच्या दिवशीच, भूल पूर्ण उतरल्यावर, कुणाचा तरी आधार घेऊन घरात चाला. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात फिरणे सकाळी सातच्या आत उरका. अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला जायचे तर सपाट रस्ता धरा, चढ नको. खांदे आखडू नयेत म्हणून हलके गोल फिरवा, केस विंचरा. हात खांद्याच्या वर कधी न्यायचा ते सर्जन सांगतील. झोपताना उताणे आणि पाठीमागे उशा लावून. घामामुळे सपोर्ट ब्राखाली पुरळ येते, म्हणून दोन ब्रा ठेवा आणि आलटून पालटून धुऊन वापरा.

दुचाकी हा नागपूरकर महिलांचा जीव की प्राण. तरी तीन-चार आठवडे थांबा. गतिरोधकावरचा धक्का आणि अचानक दाबलेला ब्रेक छातीलाच जाणवतो, आणि गाडी डबल स्टँडवर ओढणे तर नकोच. ट्रॅमाडॉलसारखी गोळी चालू असताना कुठलेही वाहन चालवू नका. त्या गोळीने बद्धकोष्ठताही होते, तेव्हा पाणी आणि पालेभाज्या वाढवा. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका.

पायांचे हलके व्यायाम साधारण चौथ्या आठवड्यापासून, धावणे-उड्या सहा आठवड्यांनंतर. सूर्यनमस्कार, प्लँक, पुशअप यांत शरीराचा भार हातांवर येतो, म्हणून ते सर्वांत शेवटी आणि सर्जनला विचारूनच. स्नायूखाली इम्प्लांट असेल तर जोर लावताना स्तन किंचित वर सरकल्यासारखा दिसतो. त्याने घाबरू नका.

केव्हा लगेच यायचे?

एका बाजूला थोडे जास्त दुखणे नेहमीचे आहे. पण एकच स्तन काही तासांत फुगून टणक झाला, निळसर पडला आणि दुखणे वाढतच गेले, तर रात्र असली तरी निघा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, जखमेतून पू आला, लाली पसरू लागली तर त्याच दिवशी दाखवा. एका पोटरीला सूज व वेदना, किंवा अचानक धाप लागणे, ही थेट आपत्कालीन विभागात जाण्याची लक्षणे आहेत.

चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ किंवा छिंदवाड्याहून नागपूरला शस्त्रक्रियेसाठी येणार असाल तर त्याच संध्याकाळी परतीची गाडी धरू नका. रक्तस्राव झालाच तर तो बहुधा पहिल्या ४८ तासांत होतो. निदान दोन रात्री शहरात मुक्काम करा आणि पहिले ड्रेसिंग बघूनच निघा.