डोक्यास मार बसल्यावर ट्रॅक्टर केव्हा हाती घ्यावा?

कोरडवाहू भागात रब्बी ज्वारीची पेरणी साधारणतः १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरात उरकावी लागते. पाऊस उघडून जमीन वाफशावर आली म्हणजे तो वाफसा फार दिवस टिकत नाही. नेमक्या अशा वेळी घरच्या कर्त्या माणसास बैलाची धडक बसली, ट्रॉलीचा फाळका डोक्यावर आदळला किंवा मोटारसायकल घसरून तो पडला, तर तो अंथरुणावर स्वस्थ पडून राहण्यास सहसा तयार होत नाही. टाके घातलेले असतात, तपासणीच्या चित्रात काही दोष आढळलेला नसतो, आणि तिसऱ्या दिवशी तो पेरणीयंत्र जोडून शेताकडे निघतो. त्यास आळशी म्हणणारे कोणी नसले, तरी त्याला थांबविणारे मात्र कोणी तरी असावयास हवे.

कातड्यावरील जखम भरणे आणि मेंदूला बसलेला हादरा निवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कवटीच्या आत मेंदू द्रवाने वेढलेला असतो. जोराचा झटका बसला की तो आतल्या आत हलतो, त्याच्या पेशींतील क्षारांचा समतोल काही काळ ढळतो आणि तो पूर्ववत करण्यात मेंदूची बरीच शक्ती खर्च होते. सी. टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाडाची मोड दिसते. हा बिघाड दिसत नाही. शुद्ध हरपली नाही म्हणून हादरा बसला नाही, असेही समजू नये. डोके दुखणे, भोवळ, मळमळ, ऊन व आवाज सहन न होणे, काम करताना मध्येच विसर पडणे, विनाकारण चिडचिड होणे ही त्याची लक्षणे होत.

पहिले दोन दिवस जखमी माणसाजवळ कोणी तरी असावे. पुन:पुन्हा उलट्या होणे, डोकेदुखी वाढत जाणे, झोपेतून जागे न होणे, फेफऱ्यासारखे झटके येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत तर किरकोळ वाटणारा मारही डॉक्टरांस दाखवावा. त्यांच्या डोक्यात हळूहळू रक्त साचून त्रास काही आठवड्यांनीही प्रकट होतो. दारू मात्र या काळात सर्वथा वर्ज्य समजावी.

पूर्वी अशा रोग्यास अंधाऱ्या खोलीत कित्येक दिवस निजवून ठेवीत. तो सल्ला आता मागे पडला आहे. खेळाडूंच्या अशा दुखापतींविषयी २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने दोन दिवसांपर्यंतची माफक विश्रांती आणि त्यानंतर पायरीपायरीने वाढविलेली हालचाल हाच मार्ग सांगितला. शेतकऱ्यासही तो लागू पडतो. पहिल्या दोन दिवसांतही घरातल्या घरात थोडे चालावे. मोबाइलवर फार वेळ पाहू नये. मग सकाळच्या गारव्यात बांधापर्यंत फेरी मारणे, बियाणे निवडणे, हिशेब पाहणे. ते सोसले तर हलकी खुरपणी. त्यानंतर पोती उचलणे व वैरण वाहणे. काम करताना डोकेदुखी १० पैकी ३ वरून ५ वर गेली आणि तासाभराच्या आत पूर्ववत झाली, तर चिंतेचे कारण नाही. त्याहून वाढली किंवा रेंगाळली, तर त्या दिवसापुरते काम थांबवावे व दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली यावे.

फवारणी या काळात दुसऱ्याकडे सोपवावी. डोकेदुखी, भोवळ व मळमळ ही काही कीटकनाशकांच्या विषबाधेचीही लक्षणे आहेत. त्रास औषधाचा की माराचा, हे मग डॉक्टरांसही चटकन उमगत नाही आणि उपचारास विलंब होतो. विहिरीचा काठ, नारळाचे झाड, शिडी, चालू मळणीयंत्र आणि रात्रपाळीच्या विजेवर ओल्या पायांनी पंप सुरू करणे, ही कामेही भोवळ पूर्ण थांबेपर्यंत दूर ठेवावीत. तेथे एकदा तोल गेला की सावरण्यास अवधी मिळत नाही. शिवाय पहिला हादरा निवण्यापूर्वीच डोक्यास दुसरा मार बसला, तर तो अधिक घातक ठरतो.

ट्रॅक्टर सर्वांत शेवटी. तो सावकाश चालतो म्हणून निर्धोक आहे, असा पुष्कळांचा समज असतो. पण चालकास नांगराकडे किंवा पेरणीयंत्राकडे पाहण्यासाठी मान सारखी मागे वळवावी लागते, आणि भोवळ आणण्यास तेवढे पुरे होते. वर उन्हाची तिरीप, यंत्राचा आवाज आणि बैठकीचे हादरे असतात. शेतात वळताना डाव्या व उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा दाबतात, आणि रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायपट्ट्या एकत्र जोडाव्या लागतात. विसराळूपणा हे ज्या दुखापतीचे लक्षण आहे, तिच्यात ही गोष्ट राहून जाणे सहज शक्य आहे. तसे झाल्यास जोराने ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो व उलटू शकतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे जातो. निर्णयास अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच ३.५ मीटर अंतर अधिक कापले जाते. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असल्या तर काय होईल ते निराळे सांगावयास नको.

म्हणून पहिले दोन दिवस कोणतेही वाहन चालवू नये आणि पुढेही लक्षणे थांबून डॉक्टरांनी संमती देईपर्यंत थांबावे. लक्षणे गेल्यावरही हातापायांची चपळाई काही दिवस मंद राहू शकते. यासाठी आरंभ दिवसाउजेडी, स्वतःच्या सपाट रानात, अवजार न जोडता, थोडा वेळ करावा. सोबतीने बांधावर उभे राहावे. चाकावरील पत्र्यावर बसू नये. धोकादायक ठरेल असा आजार किंवा विकार ठाऊक असूनही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यातून ट्रॅक्टर सुटत नाही.

राहिला प्रश्न पेरणीचा. सावड आणि इर्जिक या चाली आपल्या गावांतून अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. शेजाऱ्याने आज दोन दिवस ट्रॅक्टर चालवून द्यावा आणि त्याच्या काढणीच्या वेळी ते दिवस फेडावेत, हा व्यवहार भाडोत्री चालकापेक्षा स्वस्त पडतो. जखमी शेतकऱ्याने बांधावर सावलीत बसून बियाणे किती खोल पडते, तास सरळ येते की नाही एवढे पाहावे. ट्रॅक्टरची किल्ली तोवर घरच्या बाईकडे असावी. मागितल्यावर ती सहजासहजी मिळणार नाही, हा तिचा मोठा उपयोग.

बहुतेक प्रौढांस दोन आठवड्यांत उतार पडतो. मुलांस महिनाभर लागू शकतो. चार आठवड्यांनंतरही डोकेदुखी, भोवळ किंवा विसराळूपणा राहिला, तर जिल्हा रुग्णालयात पुन्हा दाखवावे आणि जाताना मार कधी व कसा बसला, पहिल्या दिवशी काय काय झाले, याची टिपणे बरोबर न्यावीत. ती घरच्यांनी लिहावीत. ज्याला लागले त्याला त्या दिवसाचे सारेच आठवत असते असे नाही.