वाढते शहर, नवी घरे आणि गाण्याची जागा

सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये पुण्यात जो संगीत महोत्सव सुरू झाला, तो अनेक वर्षे रात्रभर चालत असे. डिसेंबरच्या थंडीत शाली पांघरून बसलेले श्रोते पहाटेच्या ललत किंवा भटियार रागापर्यंत जागे राहत. आता हे दृश्य राहिलेले नाही. खुल्या मंडपातील बहुतेक मैफली रात्री दहाच्या ठोक्याला संपतात. हिंदुस्थानी संगीतात रागांना वेळ नेमून दिलेली असल्याने या बदलाचे परिणाम दूरवर पोहोचतात. मालकंस, दरबारी कानडा यांसारखे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी, मोठ्या समुदायासमोर ऐकण्याची संधी त्यामुळे दुर्मीळ झाली आहे.

याच्या दुसऱ्या बाजूस राहत्या घरांचा प्रश्न आहे. पुणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ३१ लाख झाली. ज्यांच्या दिवाणखान्यात पूर्वी बैठकी होत, असे पेठांमधील अनेक वाडे पाडून तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. मोकळी मैदाने घरांनी वेढली गेली. या घरांत आजारी माणसे आहेत, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत, रात्रपाळी करून आलेले कामगार आहेत. त्यांचा झोपेचा हक्क गाण्याच्या हक्काहून कमी प्रतीचा मानता येणार नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या श्रोत्यांपुरता तो वापरण्यास मुभा आहे. सांस्कृतिक अथवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविली.

हे नियम आवश्यकच आहेत. मात्र आवाज किती व केव्हा, एवढेच ते पाहतात. मैदानावर चाळीस वर्षे कार्यक्रम होत आहेत आणि इमारत गेल्या वर्षी उभी राहिली, या क्रमाला डेसिबलच्या मोजणीत स्थान नाही. परिणामी वाद उद्भवतो तो घरे विकली गेल्यानंतर. आणि तेव्हा दोन्ही पक्षांकडे तडजोडीस फारसा वाव उरलेला नसतो.

आवाजाचे गणित

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारणतः ६ डेसिबलने उतरतो. मंचापासून १० मीटरवर ८५ डेसिबल असलेला आवाज २० मीटरवर ७९, ४० मीटरवर ७३ आणि ८० मीटरवर ६७ डेसिबल भरतो. म्हणजे ८० मीटरवरील घरातही तो निवासी मर्यादेहून पुष्कळ अधिक असतो. १० डेसिबलची वाढ कानाला सुमारे दुप्पट वाटते, हे लक्षात घेतल्यास रहिवाशांची तक्रार अवास्तव नसते हे पटेल.

यावर उपाय आहेत. जाड व वजनदार भिंत, मध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच, खिडक्यांच्या फटी बुजविणे, शयनगृहे मैदानाच्या विरुद्ध बाजूस ठेवणे यांमुळे घरात शिरणारा आवाज बराच घटतो. ढोलासारख्या वाद्यांचा खर्जातील आवाज अडविणे मात्र अधिक कठीण असते. ही कामे आराखड्यातच धरल्यास सोपी जातात. इमारत पूर्ण झाल्यावर ती महाग पडतात व काही तर अशक्यच होतात.

परदेशातील एक अनुभव

लंडन शहराने २००७ ते २०१५ या काळात गायन-वादनाच्या आपल्या लहान जागांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जागा गमावल्या. वाढती भाडी, जमिनीच्या किमती आणि शेजारी आलेल्या नव्या रहिवाशांच्या तक्रारी ही त्यामागील प्रमुख कारणे होती. त्यानंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ मध्ये एक तत्त्व स्पष्टपणे नमूद करण्यात आले : जो परिसरात बदल घडवितो, त्याने त्या बदलाचे परिणाम निवारावेत. जुन्या संगीतगृहाशेजारी घरे बांधावयाची असल्यास ध्वनिरोधनाची तजवीज विकासकाने करावयाची. जुन्या वस्तीत नवे संगीतगृह काढावयाचे असल्यास ती जबाबदारी संगीतगृहाच्या चालकाची. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने हेच तत्त्व २०१४ मध्ये स्वीकारले होते. यातून जुन्या जागेला वाटेल तेवढा आवाज करण्याचा परवाना मिळत नाही. खर्च कोणी व केव्हा करावयाचा, एवढे मात्र आधी ठरते.

गावांपुढील प्रश्न

हा विषय केवळ पेठांपुरता नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. शहराच्या वेशीवरील अशा गावांत ग्रामदैवताची जत्रा, हरिनाम सप्ताह, देवळातील भजन आणि तमाशाचा फड यांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. शेजारच्या शेतात गृहसंकुल उभे राहिले की त्याच जागा तक्रारीचा विषय होतात.

ज्या ग्रामपंचायतींच्या सीमेपर्यंत शहर येऊन ठेपले आहे, त्यांनी अशा जागांची नोंद, कार्यक्रमांचे दिवस व वेळांसह, आताच करून ठेवणे हिताचे ठरेल. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा ही नोंद पुढे ठेवता येते. बांधकामाचे प्रस्ताव तपासताना अधिकाऱ्यांनी जवळच्या मैदानाची दखल घ्यावी, घर घेणाऱ्यास त्याची पूर्वकल्पना मिळावी आणि आयोजकांनीही मंचाची दिशा, ध्वनिक्षेपकांची संख्या व वेळ यांचे पथ्य पाळावे. शाळेचे सभागृह गावाच्या कार्यक्रमांसाठी वापरले जात असल्यास त्याच्या दारे-खिडक्यांकडे शिक्षकांनी लक्ष पुरविल्यास बंदिस्त जागेची सोय गावातच होऊ शकेल.

घर बांधण्यास जागा पुन्हा मिळू शकते. एकदा मोडलेला सप्ताह किंवा बंद पडलेली मैफल पुन्हा उभी करणे त्याहून अवघड असते. नकाशा मंजूर होण्यापूर्वी केलेला थोडा विचार या दोहोंनाही एकाच गावात नांदू देईल.