सासूबाईंना भाजी अळणी का लागते?

आज ऐकता ऐकता एक गंमत करून बघा. घरात तासगावचा बेदाणा असेल तर नाक घट्ट दाबून एक दाणा चावा. गोड लागेल, जरासा आंबट लागेल, बास. आता नाक सोडा. बेदाणा खाल्ल्यासारखं आत्ता वाटेल. आपण जिला चव म्हणतो, तिच्यात निम्म्याहून जास्त काम नाकाचं असतं. सर्दीत कालवण पाणचट लागतं ते त्यामुळंच.

जिभेला स्वतःला पाचच चवी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी, मटणाच्या रश्शात किंवा पिकल्या टोमॅटोत असते ती. जपानच्या किकुनाए इकेदांनी ती 1908 साली ओळखली आणि ‘उमामी’ नाव दिलं. जिभेवर हजारो रुचिकलिका असतात. त्यांच्यातल्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्यानं येतात, म्हणून चहानं पोळलेली जीभ पुन्हा ताळ्यावर येते.

आणि तिखट? आपल्या खरड्याला राग येईल, पण तिखट ही चव नव्हे, ती आग आहे. म्हणून तर मिरची हाताला आणि डोळ्यालाही झोंबते. पाण्यानं ती उतरत नाही, दुधा-दह्यानं उतरते.

कडू चवीला मात्र मान द्या. बरीच विषं कडू असतात, तान्हं बाळसुद्धा कडू लागलं की तोंड वाकडं करतं. कारल्याचं वेगळं, ते कडूच असतं. पण दुधी किंवा दोडका चिरल्यावर छोटी फोड चाखून थुंका. कडू लागला तर सरळ टाकून द्या, गूळ घालून खपवू नका. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत.

आता घरातलं भांडण. वय वाढलं की रुचिकलिका कमी होतात, वास मंदावतो, काही औषधांनीही तोंडाची चव जाते. मग सासूबाई म्हणतात, ‘सुनेला मिठाचा अंदाज नाही.’ दोघींचंही चुकत नसतं! पण त्यांच्यासाठी सगळ्या भांड्यातच मीठ वाढवलं, तर रक्तदाब घरादाराचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लोणचं, पापड, फरसाण धरून बरं का.

त्यापेक्षा त्यांच्या ताटात लिंबू पिळा, लसूण-जिऱ्याची फोडणी वरून द्या, कोथिंबीर आणि कारळ्याचा कूट भुरभुरा. वास चढला की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. मीठ एकदम तोडू नका, चिमटीचिमटीनं कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते, आणि मग जुनं कालवणच खारट लागतं.

मिश्री लावणाऱ्या बायांनो, तंबाखूनंही चव बोथट होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. चव अचानक गेली आणि परत आली नाही, तरीही दाखवा.